मैत्रीण क्रमांक दोनची किल्ली

नायिकेच्या घराला मी तीन दारं केली,
तिन्हींना खऱ्या पितळेच्या मुठी.
कॅमेऱ्यात एकच येणार होती,
पण क्लोटिल्द, आमची दिग्दर्शिका, म्हणते
मुठीचा आवाज खोटा निघाला की प्रेमही खोटं वाटतं.

खिडकीबाहेर कापडावर पॅरिसची छपरं,
धुराडी मोजून एकोणीस.
कुंडीतलं जेरेनियम रोज बदलायचं,
दिव्यांखाली ते दुपारपर्यंत मान टाकतं.
नायकाचं घर वरच्या मजल्यावर,
म्हणजे त्याच जमिनीवर, दहा पावलं पलीकडे.
नायकाच्या आईचं नॉर्मंडीत. तेही बांधलं.
कुत्र्याला टोपली, टोपलीत गादी,
गादीवर त्याचं नाव भरतकामात.

नूरियातीला घर ना दार.

संहितेत ती आधी नुसतीच ‘मैत्रीण २’.
मग कुणाच्या तरी लक्षात आलं,
पोस्टरवरचे चेहरे फारच एका साच्यातले दिसताहेत,
तेव्हा तिला नाव मिळालं: बिंटू.
‘माझे आईवडील कोमोरोसचे,’ ती मेकअपच्या खुर्चीतून म्हणाली,
‘हे नाव पार दुसऱ्या किनाऱ्यावरचं.
मध्ये अख्खा आफ्रिका खंड आहे.’
लेखक हसला. मनापासून हसला, माणूस वाईट नव्हता.
नाव तेच राहिलं.
चेहऱ्याला लावायचं ती मार्सेयहून, आपल्या डबीतून आणायची;
इथल्या पेटीत सतरा छटा,
सतरावी तिच्या अलीकडेच संपायची.

ती येते. ‘अगं, फोन कर त्याला!’ म्हणते.
वाइन ओतते, दुसरीचे डोळे पुसते.
मग लिहिलेलं असतं: बिंटू जाते.
एकशे बारा पानांत नऊ वेळा.
कुठे जाते?

माझे आजोबा काबिलीहून आलेले गवंडी.
दिवसभर लोकांच्या भिंती चढवायचे
आणि नांतेरच्या चिखलात पत्र्याखाली झोपायचे.
त्यामुळे असेल. किंवा नुसतीच माझी खोड.
गोदामातून मी एक किल्ली काढली,
दात झिजलेली, कुठल्याच कुलपाची नसलेली,
लाल दोऱ्यात ओवून तिला दिली.
‘कशाची?’
‘ते तू ठरव.’

दुसऱ्या दिवशी ती ठरवूनच आली.
चौथा मजला, लिफ्ट बंद.
खाली चपला शिवणाऱ्याचं दुकान,
न्हाणीघरातून रेल्वेचे रूळ दिसतात.
आणि एक माणूस. नाव सांगणार नाही म्हणाली,
मासे तळतो आणि खिडकी उघडायला विसरतो.

मला हेवा वाटला.
मी बांधलेल्या कुठल्याच घरात
अजून कुणी मासे तळले नव्हते.

सहाव्या ‘बिंटू जाते’ला ती दारात थांबली.
खिशातून किल्ली काढून म्हणाली,
‘निघते गं. घरी कुणीतरी वाट बघतंय.’
असं काही लिहिलेलं नव्हतं.
नायिका गडबडली, आणि त्या गडबडीत
तिच्या तोंडून खरंच निघून गेलं, ‘कोण?’
साडेतीन आठवड्यांत पहिल्यांदा
तिनं हिला काहीतरी विचारलं होतं.

‘सुंदर,’ क्लोटिल्द म्हणाली. ‘आता लिहिल्याप्रमाणे.’

मार्चमध्ये सिनेमा लागला.
ओबेरव्हिलियेचं थिएटर, मंगळवार दुपार,
आम्ही सगळे मिळून अकरा जण.
वाक्य नव्हतं. ‘कोण?’ही नव्हतं.
ती पाठमोरी, दार मिटतं, बिंटू जाते.
पण ध्वनी जोडणाऱ्याला कुठला तुकडा आवडला कोण जाणे,
पितळी मुठीच्या आधी, अगदी बारीक,
किणकिण.

माझ्या मागच्या रांगेत चौदा-पंधरा वर्षांची मुलगी,
मावशीच्या कानाशी लागून म्हणाली,
‘ही राहते कुठं पण?’
‘गप. बघ ना, आता तो विमानतळावर जाईल.’

तो गेला विमानतळावर.
मी मागे वळलो नाही, वळायला हवं होतं.
चौथा मजला, पोरी.
लिफ्ट बंद आहे.