बाटली किती उंच धरायची

दुग्धज्वर म्हणतात त्याला,
पण अंगात ज्वर नसतो.
कान गार, नाकपुडी कोरडी,
मान वळवून बरगडीवर टेकलेली,
जणू गाय स्वतःच्याच पोटातलं काही ऐकते आहे.

साओ जॉर्ज बेटावरचा माझा पहिला मार्च.
लिस्बनहून आणलेली पदवी अजून नळकांड्यातच,
बूट नवे, चावणारे.
एर्मिनियू आविलाच्या वरच्या कुरणात
धुकं एवढं, की दगडी बांधापलीकडचा समुद्र
नुसता आवाजानं होता.
रात्री व्यायलेली त्याची मिमोझा
ओल्या गवतात बसली होती, उठत नव्हती.

शीर पहिल्याच सुईत सापडली.
त्याचा केवढा आनंद मला!
कॅल्शियमची बाटली उंच धरली,
हात ताठ, डोक्याच्याही वर,
लवकर जावं, लवकर उठावी,
लवकर कळावं त्या म्हाताऱ्याला
की पोरगी असली तरी येतं हिला.
स्टेथोस्कोप गळ्यात लोंबत होता,
कानांत नव्हता.

निम्मी बाटली गेली आणि गाय थरथरली,
चारी पाय ताणले तिनं,
आणि संपली.
वासरू बांधाशी उभं, अजून ओलंच.

मी म्हणाले, उशीर झाला होता,
हृदय आधीच थकलं होतं.
वाक्य सफाईनं आलं.
त्यानं टोपी काढली, परत घातली,
आणि किती द्यायचे, विचारलं.
मी पैसे घेतले.
न घेते तर कळलं असतं.

मग नऊ वर्षं.
आडव्या वासरांमागे खांद्यापर्यंत हात,
तो खांदा आता पावसाआधी बोलतो.
शाळामास्तरणीचा आंधळा कुत्रा
तिच्या मांडीवरच निजवला,
ती त्याला शेवटपर्यंत पाढे म्हणून दाखवत होती.
‘मला माहीत नाही’ म्हणायला शिकले,
आधी फोनवर, मग तोंडावर.
एक हिवाळा असाही गेला
की कुरणाच्या फाटकाशी गाडी उभी करून
मी इंजिन बंदच करत नसे.
त्याबद्दल कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

एर्मिनियूनं जनावरं विकायला काढली, त्या संध्याकाळी
दाखल्यांवर सह्या करायला गेले.
तो दुधाचे कॅन पालथे घालत होता.
मी म्हटलं, मिमोझा.
म्हटलं, ती माझ्या हातून गेली.
तो कॅन पुसत राहिला.
“बाटली फार उंच होती, दोतोरा.
आधीचा डॉक्टर कमरेशी धरायचा.”

मग पुढच्याच महिन्यात परत का बोलावलंत?

“बेटावर दुसरं होतं कोण?”

क्षमा वगैरे शब्द त्याच्या गोठ्यात नव्हता.
एक कॅन राहिला होता, तोही त्यानं पालथा घातला,
आणि दिवा मालवता मालवता म्हणाला,
“दुसऱ्या वेळी नळ्या कानांत होत्या तुमच्या.
मी बघत होतो.”

या वर्षी दुल्से आली आहे, तर्सेराहून,
बूट नवे.
काल पहाटे तिनंही हात वर नेला,
अगदी तसाच, अभिमानानं ताठ.
औषधशास्त्र तिला माझ्याहून ताजं येतं.
मी एवढंच म्हटलं, हात आखडता घे.
तिनं चमकून पाहिलं.
म्हटलं, मी एक मारली आहे अशी. ऐक.
आणि तिच्या कानांत नळ्या घालून
चकती गायीच्या कोपरामागे टेकवली.

दुल्से ठोके मोजू लागली, पुटपुटत,
चुकली, पुन्हा एकपासून.
बाटलीत बुडबुडे सावकाश चढत होते.
माझा स्वतःचा हात आपोआप वर जाऊ पाहत होता,
तो मी खिशात घातला.
गायीच्या कोरड्या नाकपुडीवर
एक थेंब आला, मग शेजारी दुसरा,
मग तिनं लांबलचक ढेकर दिला
आणि दुल्सेचा आकडा परत चुकला.

बाटलीत अजून पाव भाग बाकी होता.