डावा कान

मी नेहमी डाव्या भिंतीला बसतो,
खांबाला टेकून, दुसऱ्या पंख्याखाली.
लोकांना वाटतं, जागेची सवय.
खरं म्हणजे असं बसलं की
उजवा कान गाण्याकडे राहतो
आणि डावा भिंतीकडे, जिथं पुराची रेघ आहे,
बसलेल्या माणसाच्या मानेइतकी.
मंडळानं तीनदा रंग मारला.
तीनदा ती वर आली.

डावा कान मी उद्यमनगरात ठेवून आलो.
बत्तीस वर्षं, एकच लेथ, बिडाचा काळा भुगा.
कापसाचे बोळे द्यायचे कंपनीवाले,
आम्ही ते दिवाळीत अत्तराला वापरायचो.
आता त्या कानात एक बारीक शिट्टी आहे,
पाळी न बदलणारी.

पहिल्यांदा आलो ते ऐकायला नव्हे.
पंख्याचं बेअरिंग गेलं होतं, शेठनं धाडलं.
मी शिडीवर, आणि खाली राजेसाब मुल्लाणी
संध्याकाळसाठी तंबोरा लावत बसलेले.
म्हणाले, "पोरा, पाना वाजवू नको. गंधार यायलाय."
"वाजवतंय कोण?"
"कोण न्हाई. तारा पंचमाच्या अन् षड्जाच्या.
जुळल्या की त्यो आपला आपण येतो."
मी शिडीवरच थांबलो.
पंखा फिरला की नाही आठवत नाही,
मजुरी मागायची राहिली ती राहिलीच.

तेव्हापासून दर दुसरा शनिवार.
दाराशी चपलांचा ढीग, कापशीच्या, बाटाच्या,
आणि त्यात माझे लोखंडी टोकाचे बूट.
चाळीस वर्षांत कुणी चोरले नाहीत.

सगळंच काही सोनं नव्हतं.
एका सतारियानं पाऊण तास तारा जुळवल्या
आणि वीस मिनिटं वाजवलं.
अध्यक्षांचं प्रास्ताविक तर
विलंबित एकतालात, समेवर कधी आलंच नाही.
एक गझलवाला प्रत्येक शेर
पहिल्या रांगेतल्या वकीलबाईंना देत होता,
वकीलसाहेब शेजारी बसून दाद देत होते.

पण वत्सलाताई कागवाडकर.
मारवा. लाईट गेली, माईक मेला,
कुणीतरी बॅटरी शोधायला उठलं
आणि त्या थांबल्याच नाहीत.
अंधारात दोनशे माणसं श्वास आवरून.
तार षड्जाला त्या किती वेळ गेल्या नाहीत,
आसपास फिरत राहिल्या, दार न वाजवता,
आणि मग लावला.
नेमका माझ्या शिट्टीवर.
शिट्टी गेली.
एक श्वासभर दोन्ही बाजूंनी शांतता होती.
मी शेजारच्याचा हात धरला, तो कोण होता
लाईट आल्यावरही पाहिलं नाही.

परवाचा शनिवार शर्वाणीच्या बँडचा.
माझी पुतणी, बेस गिटार, केस कानाच्या वर कापलेले.
मंडळात आधी तीन बैठका झाल्या,
"ह्या मंचावर हे?" वगैरे.
शेवटी चहावाल्या दत्तूनंच विचारलं,
"भाडं भरत्यात न्हवं?"
पोरं आली, राजारामपुरीची, कागलची,
जत्रेतल्यासारखे काळे डबे रचले,
आणि पहिल्याच ठोक्याला
जुने सभासद वडे खायला बाहेर गेले.

मी खांब सोडला नाही.
शब्द काही कळेनात, उजव्या कानाला नुसती धडधड.
पण सतरंजीखालून, फरशीतून, खांबातून
पाठीत काहीतरी चढत होतं.
मी डावा कान खांबाला लावला.
तो बहिरा, तिथं काय लागणार?
लागलं.
खाली, खूप खाली, शर्वाणीची एक तार,
लेथ सुरू करताना पहिला पट्टा घेतो तशी,
आणि तिच्यावर, शपथ घेऊन सांगतो,
कुणीही न छेडलेलं एक काहीतरी.
राजेसाब असते तर नाव सांगितलं असतं.

नंतर ती घामेजलेली, विचारायला आली,
"काका, कसं झालं?"
म्हटलं, "आवाज जरा जास्त होता."
"तुम्ही तर खांबाला कान लावून होता!"
"झोप लागली होती."
ती हसली. दत्तूनं दिवे घालवायला घेतले.
बुटांची नाडी बांधताना
गाठ दोनदा चुकली.