मिनिट

उठतो, पण लगेच उभा राहत नाही.
पलंगाच्या कडेला बसतो
घर जागेवर येईस्तोवर.
मग दोन बोटं मनगटावर.
अंगठा नाही,
अंगठ्याला स्वतःची नाडी असते,
तो आपलंच खरं म्हणतो.

प्रयाग मोबाइलवर मिनिट धरते.
अठ्ठावन्न.
कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या लिटराशेजारी.
पन्नासच्या खाली गेलं
तर गोळीच्या आधी फोन, काझी मॅडमला.

बत्तीस वर्षं सेलूच्या जिनिंगात काट्यावर होतो.
पावशेराला कुणाला फसवलं नाही.
फसवलं ते मागल्या माघात, स्वतःलाच.
बरं वाटायलं होतं.
बोटं तेवढी गार, जिन्यात पाय जड.
म्हणलं, ह्या गोळीचंच काम.
पाकीट संपलं, नवं आणलं नाही,
कुणाला बोललोही नाही.
अन् गेलो मानवतला, साडूच्या पोरीच्या लग्नाला.

पाचव्या दिवशी, पंगतीत बुंदी वाढताना
छातीत चोवीसच्या चोवीस मशिनी
एकदम सुरू.
परात कुठं गेली, माहीत नाही.
परभणीला नेलं म्हणतात जीपमधून,
पिवळे दाणे सदऱ्याला तसेच.

मॅडम रागावल्या नाहीत.
विचारलं, "काटेवाले, चालती मशीन कशी बंद करता?"
म्हणलं, आधी कापूस थांबवायचा,
आतला निघू द्यायचा,
वेग उतरू द्यायचा, मग खटका.
चालत्यात पट्टा उतरवला तर —
महेबूब फिटरची दोन बोटं आठवली.
पुढं बोललो नाही.

"मग? गार बोटांचं मला सांगायचं होतं.
कमी करायची तर मी करीन, पायरी पायरीनं."

आता चार गोळ्या उरल्या की नवं पाकीट.
एखादी चुकली तर दोन घेत नाही.
दाताच्या डॉक्टरलाही आधी चिठ्ठी दाखवतो.
शेजारची रुख्मण, दमेकरी बाई,
"छातीत धडधडायलंय, एक दे गं," म्हणाली.
प्रयागनं डबी पदराखाली घेतली.
"ही काय साखर आहे वाटीभर उसनी द्यायला?
दम्याला उलटी पडती ही. चल, दवाखान्यात नेते."
अन् तशीच चपला घालून निघाली.

एक राहिलं. स्वप्नं लई पडतात.
तेही मॅडमला सांगून टाकलं.
कालच्या स्वप्नात महेबूब आला,
काट्यावर दोन्ही पंजे ठेवले,
म्हणाला, करा वजन.
दहाच्या दहा बोटं होती.
मी काटा वाचणार
तेवढ्यात प्रयागनं हलवलं.
मिनिट धरून बसली होती.