शेऱ्याचा रकाना

फेब्रुवारीत मला नेमलं ते छतांसाठी.
विडी घरकुलातले चाळीस पत्रे चुन्यानं पांढरे करायचे,
आधी आणि नंतर, आत किती अंश उतरतात ते लिहायचं.
अकरा झाले.
बारावा पोशव्वा दुडमचा. शिडी लावून झाली होती,
तेवढ्यात कागद आला:
सदर निधी आरोग्य आपत्तीकडे वळविण्यात येत आहे.

वळविण्यात येत आहे.
जशी एसटी वळते बाळे नाक्यावरून,
आतल्यांना न विचारता.

उरलेली पोती वॉर्डात गेली.
आठवड्यानं तो चुना मला भेटला
रेशन दुकानासमोर, जमिनीवर,
तीन-तीन फुटांवर गोल होऊन.
गोलांत चपला ठेवून माणसं सावलीला बसलेली.
चपलांना तेवढं पोळत नव्हतं.

मलाही वळवलं.
हातात बंदूक दिली, कपाळं मोजायची.
रकाने छापून आलेले:
नाव, वय, ज्वर, खोकला, शेरा.

मे महिना, दुपारचे दोन.
पोशव्वाचं कपाळ शंभर पॉइंट चार.
घरात कुणी हललं नाही.
शंभर पॉइंट चार म्हणजे गाडी येणार,
चौदा दिवस कुठल्यातरी हॉस्टेलात,
आणि मागे गल्ली दारावरून नजर काढून घेणार.
सुपात तेंदूची पानं सुकून चालली होती.
कारखाना बंद, तरी तिची बोटं वळत होती.
विडी नाही, नुसतं वळणं.

मी तिला बाहेर लिंबाखाली बसवलं. वीस मिनिटं.
अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन.
"ज्वर मला न्हाई गं पोरी," ती म्हणाली, "वर बघ."
मी आत जाऊन बंदूक पत्र्यावर रोखली.
आकड्याच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं उमटली.
"काय म्हणतंय?"
"हाय म्हणतंय, मावशी."
"हाय की," ती म्हणाली.
"घर बांधल्यापासनं हाय."

त्या वर्षी जगाची मोठी बैठकसुद्धा पुढे ढकलली म्हणे.
साहेब फोनवर म्हणाले,
आधी माणसं वाचवू, मग हवामान बघू.
साहेब वाईट नव्हते.
दोन रात्री झोपले नव्हते,
सिव्हिलमध्ये रिकाम्या खाटा शोधत होते.
मी हो सर म्हणाले.
उन्हाळा मात्र ठरल्या तारखेला आला होता,
चव्वेचाळीसवर उभा होता चौकात, तोंड उघडं टाकून,
त्याला कुणी दंड केला नाही.

मला एवढंच विचारायचं होतं,
घरात राहा, घरात राहा म्हणतोय आपण,
कुठल्या घरात?

विचारलं नाही.

श्रीनिवास, तिचा नातू, टॉवेलच्या मागावरचा.
माग थांबल्यापासून कान दुखतात म्हणायचा,
इतकं शांत त्यानं कधी ऐकलं नव्हतं.
रेशनवाल्याकडून त्यानं उरलेला चुना मागून आणला, अर्धं पोतं.
पाणी पाचव्या दिवशी येतं.
पाचव्या दिवशी पहाटे आम्ही घमेल्यात कालवलं,
चुना, मूठभर मीठ, थोडा डिंक.
पोशव्वा खालून तेलुगूत ओरडत होती,
मला कळलं तेवढं असं: खिळ्यावर पाय दे, मधे नको.
सूर्य वर आला तेव्हा चुना संपला.
एक कोपरा तसाच राहिला, गंजका, हातभर.

दुपारी दोनला मी परत गेले.
आत साडेतीन अंश उतरले होते.
साडेतीन म्हणजे काय फार नाही.
तिनं खाट गंजक्या कोपऱ्याखालून ओढून
पांढऱ्याखाली घेतली होती,
आणि तोंडावर पदर ठेवून झोपली होती, घोरत.
मी उठवलं नाही, लांबूनच कपाळ मोजलं.

ज्वर: नाही. खोकला: नाही.
शेऱ्यात सगळेजण निरंक लिहितात.
मी लिहिलं: पत्रा, बारावा.

वरून विचारणा आली, हे काय लिहिलंय?
चूक झाली असेल तर खोडा.
म्हटलं, चूक नाही, सर.
अठ्ठावीस बाकी आहेत.