शेवटचा हातभर पट्टा

गाडी उभी होती माधवनगर रस्त्याला,
वखारीच्या मागं, चिंचेखाली.
मूळची टेम्पो ट्रॅव्हलर. आता आत दोन पलंग,
घडीचं टेबल, शेगडी, बशीएवढं बेसिन,
आणि पाठीवर ऑइलपेंटनं काढलेलं कासचं पठार,
फुलं जरा जास्तच जांभळी.

मला पंधराशे मिळतात, गुण द्यायचे.
चव्वेचाळीस रकाने, प्रत्येकी दहापैकी.
घेणाऱ्या उज्ज्वला मगदूम, भूगोलाच्या बाई,
तीस वर्षं नकाशावर काठी फिरवलेली,
आता स्वतः फिरणार म्हणतात.
विकणारा बाळगोंडा. बोटात किल्ली, तोंडात बडीशेप.

टायर: कडेचे चार आकडे खडू घासून वाचले.
नक्षी शाबूत, पण वय झालेलं. चार.
ब्रेक सात.
हँडब्रेक चढावर धरतो, मग विचार बदलतो. तीन.
छतावर चढलो, गुडघ्यानं दाबलं, बादलीभर पाणी ओतलं,
आत बाईंना बसवलं थेंब मोजायला.
"एकही नाही!" त्या आतून ओरडल्या,
वर्गात निकाल सांगावा तशा.
नऊ.

गॅसची नळी वाकवली की तडकत होती.
साबणाचा फेस लावला. फेसाला श्वास फुटला.
शून्य. इथं मी कुणाचं ऐकत नाही.

"रंग तरी बघा की ओ, नवा मारलाय," बाळगोंडा म्हणाला.
रंगाला रकाना नाही.

मग सवयीनं ड्रायव्हरचा पट्टा ओढला.
लोक छातीपुरता ओढतात. मी ओढतो
रीळ संपून आत कट् वाजेपर्यंत.
शेवटच्या हातभर पट्ट्यावर
वाळलेला गाळ. बारीक, पिठासारखा.

ह्याला मी ओळखतो.
माझ्या स्विचबोर्डातून निघालाय हा,
आईच्या शिलाई मशीनच्या बॉबिनमधून,
लग्नाच्या अल्बममधून, पानं सुटी करताना.
अख्खं गाव "आयर्विनला किती फूट?" एवढंच बोलत होतं
तेव्हा गच्चीवर बसून
मी ह्याचाच वास घेत होतो.

बडीशेप चावायची थांबली.
"मिरजेला हुती गाडी, उंचावर."
मग थोड्या वेळानं, "सीटपर्यंतच आलं हुतं."
आणि मग, चिंचेकडं बघत,
"दुकान तर सगळंच गेलं."

वायरिंगच्या रकान्यातला आठ मी खोडला, दोन केला.
त्यालाही दिसलं ते.
वाईट वाटलं. पण दोनच.

बाईंनी चिमूटभर गाळ अंगठ्यावर चोळला.
"लांबून आणते हो कृष्णा," म्हणाल्या,
चूक सांगतोय की बरोबर, कळू न देणाऱ्या आवाजात.
मग किंमत पुन्हा विचारली.
वायरी बदलायला किती, तेही.

मी पट्टा सोडला. तो परत आत गेला नाही,
दाराबाहेर लोंबत राहिला.
शेऱ्यात लिहिलं: पट्टे दोन्ही बदलणे.