नावं ठेवताना

एमेली, तुझा पॅच आला तेव्हा
ओउलूत भरदुपारी दिवे लागले होते.
कॉफी ओतून वाचायला बसले.

बर्फाची जाडी मोजणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर, चारशे दहा ओळी.
५९व्या ओळीवर मेमरी मागितलीस,
७३व्यावर घड्याळ चालू केलंस,
९२व्यावर इंटरप्ट मागितला, तो मिळाला नाही,
आणि तू तसाच निघून गेलास.
मेमरी अडकलेली. घड्याळ चालूच
रिकाम्या घरात.

पुढे एका फंक्शनला चूक कळते
आणि ते मूग गिळून शून्य परत करतं.
शून्य म्हणजे आलबेल.
वरचा बिचारा विश्वास ठेवतो
आणि पाय टाकतो.

शिवाय 'टेम्प', 'टेम्प दोन', आणि एक नुसता 'एक्स'.
तीन दिवस शोधतेय, हा एक्स कोण, कुठला?

माझे वडील हाइलुओतोच्या बाजूला
गोठल्या समुद्राखाली जाळी लावायचे.
'बर्फ' हा शब्द त्यांच्या तोंडी क्वचितच.
पोलादी म्हणायचे, कोहवा म्हणायचे, कुजका म्हणायचे.
नुसतं बर्फ म्हणणारा माणूस
एप्रिलमध्ये सापडतो, म्हणायचे.

आणि तडा ऐकू आला तर पळायचं नाही.
आलो त्याच पावलांवर पाय देत,
शेवटचं पाऊल आधी,
मागे, मागे,
काठावरचं पहिलं सगळ्यात शेवटी.

यातलं काहीच तुला कळवलं नाही.
लिहिलं एवढंच: ९२, उलट क्रमाने सोडा.
१४०, खरा एरर कोड परत करा.
एक्सचं नाव बदला.
पुन्हा वाचलं तर सासूबाईंनी नावं ठेवावीत तसं वाटलं.
आमच्या फिन्निशमध्ये 'कृपया'ला शब्द नाही.
इंग्रजीत आहे. तो एकदा घातला.

रात्री दोन वाजता तुझी चौथी आवृत्ती आली.
तीन लेबलं, बरोबर उलटी.
एक्स आता 'मागची जाडी' आहे.
२११वर एक 'टेम्प' राहिलाय अजून.
असू दे. दोन ओळींपुरता पाहुणा,
त्याचं कसलं बारसं.

खाली 'तपासले' लिहून
पूर्ण नाव टाकते, औलिक्की केम्पाइनेन.
जानेवारीत हे यंत्र बेटाकडे जाणाऱ्या
बर्फाच्या रस्त्यावर बसवणार आहेत.

पाठवण्याआधी
९२वी ओळ
पुन्हा एकदा वाचते.