चार थाऊ

कायतान गाडी घेऊन आला असं म्हणता येणार नाही,
शेवटच्या चढावर तिला आम्हीच ढकलत आणली,
मी, शाणू आणि सोड्याच्या दुकानातला पोर.
एकोणपन्नासची प्रिफेक्ट. रंग एके काळी हिरवा.
"आवाज येतो," म्हणाला.
"म्हणजे यायचाच. हल्ली वाढलाय."

संप उघडला.
तळाशी काळी चिखलवट,
तिच्यात चंदेरी कण, बोटावर घेतले तर
पेडव्यांच्या खवल्यांसारखे.
तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगच्या चिंध्या झालेल्या.
याच टकटकीवर हा माणूस
वीस वर्षं चांदरहून बाजाराला येऊन गेला.

नवं मिळत नाही. मुंबईत एका पारश्याकडे होतं
असं दहा वर्षांपूर्वी ऐकलेलं,
पारशीही तेव्हा नव्वदीचा.
मग ओतायचं.
खाणी थांबल्या तेव्हा भंगारात गेलेल्या बार्जीतून
थोडा पांढरा धातू मी काढून ठेवला होता,
बिस्किटांच्या डब्यात.

कढईखाली करवंट्या पेटवल्या.
थर्मामीटर माझ्याकडे नाही, माडाचा हीर आहे:
बुडवला की तपकिरी व्हायला हवा,
काळा झाला तर उशीर झाला,
तसाच राहिला तर चहा पिऊन या.
साच्याला दिव्याची काजळी धरली
धातू चिकटू नये म्हणून.
शाणू म्हणतो दृष्ट लागू नये म्हणून. असेलही.
ओतलं एका दमात.
ओतताना बोलायचं नसतं,
मध्ये हात थांबला की सांधा राहतो
आणि पुढे तुटायचं ते तिथूनच तुटतं.

मग चार दिवस
निळं लावा, फिरवा, काढा,
जिथे निळं पुसलं तिथे खरवडा,
पुन्हा लावा.
पाचव्या दिवशी क्रँक हाताने फिरली,
जड, पण न अडता,
खोल विहिरीतून भरलेली कळशी वर यावी तशी.

सुरू केली तेव्हा वाकून ऐकलं.
काही नाही.
शेजारच्या खोलीत कुणी शिवण शिवत असावं, एवढंच.
तीस वर्षांत इतकं गप्प इंजिन
माझ्या हातून झालं नव्हतं.

मंगळवारी कायतान पुन्हा दारात.
"गेट बंद," म्हणाला.
"हॉर्न तर पोर्तुगीज गेले तेव्हापासून मुका.
कुत्रा धावला तो दात काढून.
आणि इस्पेरांस आतून विचारते, कोण आयलां?
मला. माझ्या दारात."

इस्पेरांस त्याची बहीण. सात वर्षं झाली,
उजेड आणि काळोख, एवढंच दिसतं.
चिंचेच्या वळणावर टकटक ऐकली की
काठी न घेता अंगण ओलांडते
आणि कडी काढते.
घरातली बाकी सगळी कामं तिच्या हातून गेली,
हे तिने सोडलेलं नाही.

"मग काय, बेअरिंग परत झिजवून देऊ?"
मी चिडलोच.
तो बोनेटवर हात ठेवून उभा,
तापलेलं होतं तरी.

रात्री हेड पुन्हा उतरवलं.
या इंजिनात टॅपेटला स्क्रू नाही,
फट वाढवायची तर व्हाल्वची दांडीच घासावी लागते
आणि घासलेलं परत येत नाही.
तिसऱ्याचा एक्झॉस्ट धरला.
किती घासू?
चिंचेपासून अंगणापर्यंत पोचेल इतकं.
असं माप कुठल्या पुस्तकात असतं?
चार थाऊ घासले.

इंजिनाला याने काही होणार नाही.
नावाला होईल थोडं.
उद्या कुडचड्यात कुणी सिग्नलवर कान देईल,
म्हणेल, च्यारीचा हात सुटला आता,
टॅपेट सैल सोडतो.

शाणूने विचारलं, बिलात काय लिहू.
लिहू नको म्हटलं.

तो गेला तेव्हा पुलापर्यंत ऐकू येत होतं,
टक, टक, जरा पातळच वाटलं मला,
पूर्वीच्यासारखं भरीव नाही.
दोन थाऊ आणखी घ्यायला हवे होते का?

शनिवार उलटला.
कायतान काही परत आला नाही.